एकोणीस दोषांची गाडी

माझ्या ब्रेकच्या पेडलवर एक काळे रबर आहे. नवे असताना ते सगळीकडे आठ मिलिमीटर जाड होते. आता उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात ते पाच मिलिमीटर उरले आहे. बाकीच्या तीन कोपऱ्यांत अजून साडेसात भरते. हे मी अंदाजाने सांगत नाही. माझ्या मालकांनी माझ्या दारात गुडघे टेकून, कॅलिपर लावून ही मापे घेतलेली आहेत. सतरा वर्षे एकाच माणसाचा बूट त्या एकाच कोपऱ्यावर येऊन टेकला, म्हणून ते तिथेच झिजले.

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. रंग राखी, दारे चार, आजवरचा प्रवास एक लाख एकेचाळीस हजार किलोमीटर. एके काळी मला या झिजलेल्या रबराची लाज वाटायची. आता ते तीन मिलिमीटर मी कुणालाही अभिमानाने दाखवते. असे का झाले, ते ऐका.

माझा जन्म एका लांबच लांब छपराखाली झाला. एका टोकाला मी नुसता पत्रा होते आणि दुसऱ्या टोकाला स्वतःच्या चाकांवर बाहेर पडले. शेवटच्या टप्प्यावर निळी टोपी घातलेली एक तपासनीस बाई होती. तिने माझे प्रत्येक दार तीनदा उघडून लावले, कान देऊन आवाज ऐकला आणि ड्रायव्हरच्या सीटखाली खडूने बरोबरची खूण केली. ती खूण अजून आहे. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

मला विकत घेणारे गृहस्थ वजनमापे निरीक्षक होते. दुकानातला तराजू खरा आहे का, कापडवाल्याची मीटरपट्टी आखूड तर नाही, पंपावरचे एक लिटर खरोखर एक लिटर आहे का, हे तपासणे त्यांचे काम. सगळे त्यांना साहेब म्हणत, म्हणून मीही साहेबच म्हणेन. माझ्या डिकीत डाव्या बाजूला त्यांच्या पितळी वजनांच्या पेट्या असत, एकूण चौसष्ट किलो. डाव्या बाजूला अशासाठी, की पदपथाला गाडी लावली की त्या उतरवायला सोप्या. एवढी वर्षे चौसष्ट किलो एकाच अंगाला वाहून माझी मागची डावी स्प्रिंग अकरा मिलिमीटर खाली बसली. सपाट रस्त्यावर उभी असले तरी मी किंचित कान देऊन ऐकत असल्यासारखी दिसते.

आम्ही बाजारात शिरलो की बातमी आमच्या पुढे धावायची. "राखी गाडी आली!" एवढे तीन शब्द या टोकापासून त्या टोकापर्यंत जात. पारडी पुसली जात. तराजूखाली चिकटवलेली लोखंडाची चकती कुणाच्या तरी खिशात गुपचूप जाई. मी नुसती समोर उभी राहायचे आणि काटे सरळ व्हायचे! सांगा, किती गाड्यांना हे जमते?

एकदा एका फळवालीचा तराजू पाच ग्रॅम खोटा निघाला. ती घाबरून रडायलाच लागली. साहेबांनी माझ्या बॉनेटवर वजने मांडून पुन्हा तपासले. मग म्हणाले, "बाई, रडू नका. तराजू खोटा आहे, पण तुमच्याच विरुद्ध. सहा वर्षं तुम्ही लोकांना जास्त फळं देताय." त्या दिवशी बॉनेटवर पडलेला वजनाचा ओरखडा अजून तसाच आहे. तो मला दागिन्यासारखा वाटतो.

साहेब माझी वही ठेवत. टाकी भरली की तारीख, मीटरचा आकडा आणि किती लिटर. ऑइल बदलले की तारीख आणि आकडा. टायर, बॅटरी, अगदी वायपरची रबरे बदलली तरी नोंद. अशा चार वह्या झाल्या. माझ्याविषयी जे काही सांगण्यासारखे आहे, ते सगळे त्यांत आहे.

मग साहेब निवृत्त झाले. पितळी पेट्या कार्यालयात परत गेल्या आणि डिकीत नुसती बाजाराची पिशवी ठेवली जाऊ लागली. तरी आमचे बरे चालले होते. एका सकाळी साहेब टेप घेऊन बाहेर आले. शेजारच्या गाडीपासून वीस मीटर मोजले, खडूने रेघ मारली, रेघेवर उभे राहून तिच्या नंबराची पाटी वाचायचा प्रयत्न केला. चष्मा पुसला, पुन्हा वाचली. आकडे आणि अक्षरे मिळून दहा, त्यांपैकी दोन चुकले. त्यांना कुणी मनाई केलेली नव्हती. पण ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे खोटे तराजू बंद केले, ते स्वतःचे डोळे कसे चालू देतील? त्याच दिवशी त्यांनी माझी किल्ली खुंटीला अडकवली.

"विकून टाकू या," काकू म्हणाल्या. काकू म्हणजे साहेबांच्या पत्नी. "शेडमध्ये उभी राहून सडेल बिचारी."

साहेबांनी होकार दिला. इथेच त्यांनी ती चूक केली, जी फक्त त्यांच्यासारखा माणूसच करू शकतो. विकायला काढण्याआधी त्यांनी माझी तपासणी केली. चार दिवस चालली ती! पाचव्या दिवशी त्यांनी स्वच्छ अक्षरात एक कागद तयार केला. वर शब्द लिहिला, 'दोष'. खाली अनुक्रमांक एक ते एकोणीस.

दोन : थंड इंजिन पहिल्या फेरीत सुरू होत नाही, दुसऱ्या फेरीत होते.

पाच : मागची डावी स्प्रिंग अकरा मिलिमीटर बसलेली.

नऊ : मागच्या उजव्या दाराची काच निम्म्यावर येऊन थांबते. आग्रह करू नये.

अकरा : हँडब्रेक चौथ्याऐवजी सहाव्या खटक्याला धरतो.

सोळा : एसी चालतो. गार करतो असे म्हणता येणार नाही.

आणि शेवटचा, एकोणीस : तपासणारा आणि मालक एकच आहे. यादी स्वतंत्रपणे तपासून घ्यावी.

गाडी बघायला कुणी आले की साहेब आधी हा कागद मोठ्याने वाचून दाखवत. सातव्या-आठव्या दोषापर्यंत माणूस घड्याळाकडे बघू लागे आणि बाराव्यापर्यंत त्याला काहीतरी काम आठवे. एक नवे जोडपे आले आणि गेले. एक दूधवाला आला. तो तर पाचव्या दोषालाच हात जोडून म्हणाला, "साहेब, बास. मला गाडी पाहिजे, पेशंट नको."

काकू वैतागून म्हणाल्या, "अहो, गाडी विकताय की तिच्याविरुद्ध तक्रार नोंदवताय?"

"खोटं काय आहे त्यात?"

"खोटं काहीच नाही. पण लग्नाच्या वेळी तुम्ही अशी यादी माझ्या वडिलांना दिली असतीत ना, तर मी आज इथे नसते."

"तेव्हा सवय नव्हती," साहेब गंभीरपणे म्हणाले.

एक एजंट आला. त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली, दार उघडले, पेडलकडे पाहिले आणि बोट नाचवत म्हणाला, "हे रबर पहिलं बदला. शंभर ठिकाणी मिळतं. मीटर मी एकसष्ट हजारांवर आणून देतो. वरून पॉलिश मारू. दोन दिवसांत उचलतील लोक."

साहेब उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही. "काटा मागे ओढणाऱ्यांची दुकानं मी बंद केलीत," ते म्हणाले. "चहा झाला असेल तर या तुम्ही."

मित्रांनो, त्या दिवशी मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! पण अभिमानाने धूळ निघत नाही. चौदा महिने मी पत्र्याच्या शेडखाली उभी होते. बॉनेटवर एक मांजर झोपायचे. मागच्या काचेवर कुणीतरी बोटाने लिहिले, 'मला धुवा'. साहेब दर रविवारी सकाळी मला दहा मिनिटे सुरू करून ठेवत, एवढीच माझी हालचाल. मी माझे एकोणीस दोष मनात पुन्हा पुन्हा म्हणायचे. म्हणता म्हणता मलाही वाटू लागले, की आपल्यात दुसरे काही नाहीच.

मग एका शनिवारी सकाळी एक परिचारिका आली. पांढरा झगा नव्हता, पण छातीशी उलटे लावलेले छोटे घड्याळ होते, तेवढ्यावरून कळले. सोबत तिचे मामा होते. चाळीस वर्षे गाड्या दुरुस्त केलेले, हातात हत्यारांची पिशवी.

"ही पंधरावी," मामांनी आल्या आल्या साहेबांना सांगून टाकले. "आठ महिने हिच्याबरोबर गाड्या बघत फिरतोय. चौदा गाड्या बघून हिने एकच शब्द काढलाय, 'बघू'. एवढ्यात मी सुट्या भागांतून एक गाडी उभी केली असती."

"मामा, पुरे."

"पुरे कसं? सोमवारी सकाळी दवाखान्यात गाडी दाखवायची आहे ना तुला?"

मग ती बोलली, तेव्हा सगळे समजले. गावाबाहेरच्या वस्त्यांवर अंथरुणाला खिळलेले बावीस रुग्ण होते. त्यांच्या घरी जाऊन जखमा धुणे, पट्ट्या बदलणे, इंजेक्शने देणे हे काम तिला हवे होते. सध्या ती बसने जाई आणि बावीसपैकी अकराच घरे होत. शेवटच्या वस्तीवर एक म्हातारे बाबा होते. त्यांच्या पाठीवरची जखम रोज धुवायला हवी होती. तिला आठवड्यातून दोनदाच पोचता येई. सोमवारपर्यंत गाडी नसेल तर ती फेरी दुसऱ्या कुणाला मिळणार होती, आणि त्या दुसऱ्या बाई शेवटच्या वस्तीपर्यंत जाणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होते.

"मग अडलंय कुठे?" काकूंनी विचारले.

"मागच्या वर्षी एक घेतली होती," ती म्हणाली. "पांढरीशुभ्र. मीटरवर अडतीस हजार किलोमीटर. आतून नव्यासारखी. तीन आठवड्यांनी चढावर बंद पडली, ती पडलीच. साठवलेलं सगळं गेलं त्यात. आता हातात बेताचेच पैसे आहेत. पुन्हा चुकले तर तिसरी संधी नाही."

एवढे बोलून ती माझ्याकडे आली. तिने रंग पाहिला नाही, बॉनेटवरचा ओरखडा पाहिला नाही. दार उघडून खाली गुडघ्यांवर बसली आणि माझ्या ब्रेकच्या पेडलला अंगठा लावला.

"रबर बदललेलं नाहीये," ती म्हणाली.

"नाही. का बदलायचं?" साहेब म्हणाले. "उजव्या कोपऱ्यात पाच मिलिमीटर आहे."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "त्या पांढऱ्या गाडीचं रबर कोरं करकरीत होतं. तेव्हा मला कळलंच नाही. अडतीस हजारांना रबर बदलावं लागत नाही."

मामांनी बॉनेटवर तळहात ठेवला. "थंड आहे. शहाणे आहात. लोक आम्ही यायच्या आधीच गरम करून ठेवतात."

"मग दोष क्रमांक दोन लपला असता," असे म्हणून साहेबांनी कागद पुढे केला. पण या वेळी तो वाचायची वेळ त्यांच्यावर आलीच नाही. तिने कागद मागून घेतला, खिशातून पेन्सिल काढली आणि स्वतः एकेक दोष तपासू लागली. जणू रुग्णाचा तक्ता होता तो.

पहिल्या फेरीत मी सुरू झाले नाही, दुसऱ्या फेरीत झाले. तिने दोन क्रमांकापुढे खूण केली. तेवढ्यात तिची मान वर झाली. तिने एक बोट उंचावले.

"मामा, ऐकलंस?"

"काय?"

"बारीक आवाज. शिट्टीसारखा."

मामांनी कान पुढे केला. चाळीस वर्षे हातोड्याच्या आवाजात काढलेला कान तो. "इंजिन गोड चाललंय. तुझ्या मनात शिट्टी वाजतेय."

साहेबांनीही मान हलवली. त्यांनाही काही ऐकू आले नव्हते. अर्ध्या मिनिटात आवाज थांबला आणि ती पुढच्या दोषाकडे वळली. पण मित्रांनो, आवाज होता. मला माहीत होता. आणि तो यादीत नव्हता.

आम्ही बाहेर पडलो. ती चालवत होती, मामा शेजारी आणि साहेब मागे. सतरा वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्या मागच्या सीटवर बसले होते. "इथे बसलं की बरीच हलते ही," ते म्हणाले. "हे पाच क्रमांकात नमूद करायला हवं होतं."

गावाबाहेर एक लांब चढ आहे. तिने मला मधोमध थांबवले, हँडब्रेक ओढला, ओढताना मोजला. सहा खटके. कागदावर होते तेवढेच. मग तिने दोन्ही पाय उचलून घेतले आणि छातीवरच्या घड्याळात मोजू लागली. मध्येच तिने मागच्या आरशात उतार दोनदा पाहून घेतला. मला कळले, ती पांढरी गाडी अशाच एखाद्या चढावर बंद पडली असणार. मी सगळे बळ सहाव्या खटक्यावर आणले. तीस सेकंद, साठ सेकंद. मी एक मिलिमीटरही मागे सरकले नाही. नंतर तिने चढावरच मला पुढे काढले. मामांनी खिडकीतून मान काढून मागे पाहिले. "धूर नाही," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

परत आल्यावर तिने चारही वह्या चाळल्या, काच निम्म्यावर थांबवून पाहिली, टायरची झीज आतून-बाहेरून सारखी आहे का ते बोटांनी पाहिले. अठरा खुणा झाल्या. शेवटी कागद साहेबांपुढे धरला.

"सगळं जसंच्या तसं आहे. पण आवाजाचं कुठे लिहिलंय?"

"कसला आवाज?"

"दिवे लावते, पंखा लावते, एसी लावते. इंजिनावर भार पडू दे. ऐका."

तिने सगळे एकदम लावले आणि मी शीळ घातली. बारीक, उंच, लांबलचक. साहेब आणि मामा एकमेकांची तोंडे बघत राहिले. तेवढ्यात काकू दारातून म्हणाल्या, "अगं बाई, हा होय तो! मला वाटलं, शेडच्या वळचणीला कुठला पक्षी राहतोय."

"तुला ऐकू येतं?" साहेब.

"दर रविवारी सकाळी ओरडतो की."

"फक्त रविवारीच ओरडणारा पक्षी?"

"मी म्हटलं, नेमाचा असेल."

कुणी फारसे हसले नाही, कारण साहेबांचा चेहरा उतरला होता. चौतीस वर्षे ज्यांनी अर्ध्या ग्रॅमची लबाडी पकडली, त्यांना स्वतःच्याच गाडीतला दोष ऐकू आला नव्हता. त्या क्षणी ते म्हणू शकले असते, की एवढे तर प्रत्येक जुन्या गाडीत असतेच. चौदा गाड्यांच्या मालकांनी तिला हेच सांगितले होते. साहेबांनी कागद घेतला, बॉनेटवर ठेवला आणि सावकाश लिहिले.

वीस : इंजिनाचा पट्टा भार पडल्यावर शीळ घालतो. मालकाला ती ऐकू येत नाही.

खाली तारीख, खाली सही.

तिने ते वाचले. पुन्हा वाचले. बराच वेळ दुसरे वाक्य वाचत राहिली.

तोवर मामांनी बॉनेट उघडून पट्ट्यावर अंगठा दाबला होता. "बोटभर दबतोय. याच्या निम्मं पाहिजे. काही नाही, ताणायचा." त्यांनी पिशवीतून पाना काढला आणि दहा मिनिटांत काम उरकले. पुन्हा दिवे, पंखा, एसी. ती कान देऊन उभी राहिली. शीळ गेली होती.

मित्रांनो, शेवट सांगण्याआधी माझे एक मागणे आहे. आम्हा जुन्या वस्तूंना जपणे म्हणजे नुसते पुसून चकाकवणे नव्हे. आम्ही काय सांगतो ते ऐका आणि लिहून ठेवा; ज्याला स्वतःला ऐकू येत नाही, त्याने दुसऱ्याला विचारावे. आणि कधी एखादी जुनी वस्तू घ्यायची वेळ आली, तर ती किती नवी दिसते हे पाहू नका. ती कुठे झिजली आहे ते पाहा, आणि ती झीज तिच्या वयाशी जुळते का ते पाहा. मी दोष मनात म्हणत चौदा महिने उभी होते, तेव्हा मला एक गोष्ट कळली नव्हती. बसलेली स्प्रिंग, सैल हँडब्रेक, झिजलेले रबर, यांतला प्रत्येक दोष मी केलेल्या कामाची पावती होता.

साहेबांनी पेन उघडले. "वीस क्रमांकाचा दोष दुरुस्त झाला. खोडू का?"

"राहू द्या," ती म्हणाली. "पट्टा पुन्हा सैल होईल तेव्हा मला आठवण राहील. खोडायचाच असेल तर एकोणिसावा खोडा. स्वतंत्र तपासणी झाली ना आता?"

साहेब थांबले. मग त्यांनी पट्टी मागवली आणि 'तपासणारा आणि मालक एकच आहे' या ओळीवरून एक सरळ रेघ मारली. विसातून एक गेला. मी पुन्हा एकोणीस दोषांची गाडी झाले.

मामा पिशवीत पाना ठेवत होते. त्यांनी भाचीकडे न बघताच उसासा टाकला. "म्हण आता. म्हणून टाक तुझं ते 'बघू', म्हणजे निघायला बरं."

तिने माझे दार लावले. जोरात नाही, हलके, आणि लागल्याचा आवाज नीट ऐकला. खूप वर्षांपूर्वी निळ्या टोपीतल्या बाईने ऐकला होता, अगदी तसाच. मग ती साहेबांकडे वळली.

"बघून झालं," ती म्हणाली. "हीच घेते मी."